रुपयाचा मुक्काम

पहाटे ५.३०

टँकरवाल्याचा फोन वाजला की माझा दिवस उजाडतो. फेब्रुवारी सरत आलाय. लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला एका साइटवर परवा स्लॅब पडला, आणि नव्या स्लॅबचं पाणी चुकवून चालत नाही. वर बारीक बांध घालून चौकोनी आळी केलेली असतात, त्यांत दोनेक इंच पाणी उभं राहायला हवं. हजार चौरस फुटांचा स्लॅब एकदा भरायचा तर पावणेपाच हजार लिटर लागतात, म्हणजे ट्रॅक्टरमागचा एक टँकर. साधं सिमेंट असेल तर निदान सात दिवस, पीपीसी असेल तर दहा दिवस स्लॅब ओला ठेवायचा.

"सायेब, सातला यायलाव. विहिरीवर नंबर हाय," टँकरवाला सांगतो. विहीर त्याची नाही. शहराला खेटून असलेल्या एका शेतकऱ्याची आहे. त्यानं अर्धं वावर प्लॉटिंगला दिलं, विहिरीपुरता तुकडा मागं ठेवला आणि आता उसाऐवजी पाणी विकतो. उसाचं बिल यायला वर्ष जायचं. पाण्याचे पैसे रोज संध्याकाळी हातात पडतात.

या शहरात घर बांधणाऱ्यानं २०१६ विसरू नये. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पाच लाख लिटर ऐकायला मोठं वाटतं, पण माझ्या भाषेत ते स्लॅबचे शंभर टँकर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या उन्हाळ्यात बांधकामाला पाणी मागायचं तोंड कुणालाच नव्हतं. मिस्त्री पुण्याला गेले, काही परत आलेच नाहीत.

तेव्हापासून लोक पाया खणायच्या आधी बोअर घेतात. बोअरची गाडी बहुधा तामिळनाडूच्या नंबरप्लेटची, तिच्यावरची पोरंही तिकडचीच. रात्रभर काळा पाषाण फोडून सकाळी ती पुढच्या गावाला निघून जाते. पाणी लागो न लागो, फुटामागचे पैसे रोख द्यावे लागतात. घराचा पहिला मोठा खर्च असा रातोरात जिल्ह्याबाहेर जातो.

मी गुत्तेदार आहे. डिप्लोमा केला, दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो, आता लोकांची घरं आणि छोटी होस्टेलं बांधून देतो. दिवसभर माझं काम म्हणजे एकाचे पैसे घेऊन दहा जणांना वाटणं. घरं वाढली की गावाची भरभराट होते असं सगळे म्हणतात. माझा हिशोब थोडा वेगळा आहे. गावात आलेला रुपया किती हातांतून फिरतो, किती रात्री इथं मुक्काम करतो आणि कुठल्या गाडीनं निघून जातो, एवढंच मी बघतो.

सकाळी ७.१५

मजूर नाक्यावर चहाच्या दोन टपऱ्या, एक पोह्यांची गाडी आणि दोनएकशे माणसं. डब्याच्या पिशवीतून थापी डोकावत असेल तर मिस्त्री, फावडं असेल तर बिगारी. बायका एका कडेला उभ्या असतात. दर सगळ्यांना पाठ असतो. मिस्त्रीची हजेरी बिगाऱ्याच्या दीडपट ते दुप्पट, बाईची बिगाऱ्याहून कमी. डोक्यावरची पाटी मात्र तेवढ्याच वजनाची.

मला आज वाळू चाळायला आणि विटा वर चढवायला चार जण हवेत. त्यांत एक मावशी नेहमीच्या. त्यांचं गाव शहरापासून इतकं जवळ की आता गाव कुठं संपतं ते कळत नाही. त्यांच्या घरात जमीन कधीच नव्हती. पाटलाच्या वावरात खुरपणी, तुरीच्या शेंगा तोडणं, हरभरा उपटणं यावर संसार चालायचा. पाटलांनी वावर विकलं, पैसे आले, बंगला झाला. तो बंगला बांधायला याच मावशी पाट्या वाहत होत्या.

"इथं हजेरी जास्त भेटती की मावशी," मी म्हणालो.

"जास्त भेटती, खरं हाय. पण तिथं बाई घरी सांगावा घेऊन यायची. हितं रोज उभं ऱ्हायचं अन् कुणी नेतंय का बघायचं. दहाला परत गेलं की दिवस गेला."

जमीन विकणाऱ्याच्या हातात पैसे पडतात, कागदावर त्याचं नाव असतं. त्या जमिनीवर राबणाऱ्याचं नाव सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात नसतं. त्यामुळं वावराचे प्लॉट झाले की त्याला ना मोबदला मिळतो, ना कुणी विचारतं. शहर त्याला दुसरं काम देतं, हेही खरं. पण ते काम साइट चालू असेपर्यंतच असतं.

ऑक्टोबरात हाच नाका ओस पडतो. सोयाबीन काढणीला आलं की एकरी उक्तं घेऊन सगळे रानात पळतात आणि आम्ही गुत्तेदार दुप्पट दर बोलूनही माणसं मिळवू शकत नाही. बांधकाम आणि शेती एकाच हातांवर चालतात, हे तेवढ्या महिन्यात सगळ्यांना पटतं.

सकाळी ९.००

साइट एका निवृत्त गुरुजींची आहे. खाली त्यांचं घर जुनंच. वर आता सहा खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम, बाहेरून लोखंडी जिना. खोल्या नीट आणि जेईईच्या पोरांसाठी. जूनच्या आत रंग वाळला पाहिजे, कारण ॲडमिशनच्या वेळी खोली तयार नसेल तर वर्ष कोरडं जातं. गुरुजींनी पेन्शनवर कर्ज काढलंय. हप्ता भाड्यातून फिटेल असा हिशोब. त्यांनी तो मला तीनदा वहीत लिहून दाखवलाय.

मिस्त्री औसा तालुक्यातला. पन्नाशी गाठलेला, ओळंबा न लावताच भिंत कुठं कलली ते सांगणारा. तो हे काम शिकला किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचं काम निघालं. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्यानं वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला : भूमिहीन आणि अगदी छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. आधी ज्याच्याकडं जास्त होतं, त्याला घरही मोठं मिळालं.

पण त्या बांधकामानं आणखी एक गोष्ट दिली. गावोगावच्या गवंड्यांना भूकंपात टिकणारं काम शिकवलं गेलं. जोत्याला, दाराच्या वर आणि छताखाली आडवे पट्टे टाकायचे, कोपऱ्यात सळई उभी न्यायची. आमचा मिस्त्री तेव्हा पाणी आणून देणारं पोरगं होता. बघत बघत शिकला. आजही मालक "कशाला एवढी सळई?" म्हणाला की तो ऐकत नाही.

"आमच्या आज्याला बाहेर काढाय दोन दिवस लागले," एवढंच म्हणतो आणि पट्टा टाकतो.

पुनर्वसनाचं काम संपलं, मोठे ठेकेदार गेले, त्यांच्या गाड्याही गेल्या. जे शिकले त्यांच्या हातातली कला इथंच राहिली. त्या पैशातला सगळ्यात लांब मुक्काम तिनंच केला.

सकाळी १०.४५

हार्डवेअरच्या दुकानात उधारीची वही उघडली जाते. शेठ आणि मी एकमेकांना पंधरा दिवसांची मुदत देतो-घेतो. मालक मला टप्प्यानं पैसे देतो, मी शेठला देतो, शेठ कंपनीच्या डीलरला. मधे एकानं हात आखडला की सगळी साखळी थबकते.

गुरुजींच्या स्लॅबचं सामान या वहीतच आहे. हजार फुटांच्या पाच इंची स्लॅबला नव्वद-पंच्याण्णव पोती सिमेंट आणि टनाच्या आसपास सळई लागते. सळई जालन्याच्या रोलिंग मिलची, म्हणजे निदान मराठवाड्यातली. सिमेंट येतं ते बहुतेक सीमेपलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातून. वाडी आणि सेडमच्या पट्ट्यात चुनखडी आहे, म्हणून कारखानेही तिथंच आहेत. शहाबादी फरशीही तिकडचीच. टाइल्स गुजरातच्या मोरबीहून. त्या बसवायला येणारी पोरं राजस्थान, उत्तर प्रदेशातली. इथल्या पोरांनी ते काम उशिरा उचललं, आता कुठं दोन-चार टोळ्या तयार होतायत.

इथलं म्हणावं असं काय? वीट, मुरूम, खडी, क्रशरची वाळू, आणि मजुरी. वीटभट्टीवर राबणारी कुटुंबं लातूर-नांदेडच्याच खेड्यांतली. खडी क्रशरवाल्यांची, टिप्पर इथल्या पोरांचे, बहुतेक फायनान्सवर घेतलेले. घराच्या खर्चाचा जो भाग विटा-वाळूत आणि मजुरीत जातो, तो या जिल्ह्यात निदान एकदा फिरून जातो. सिमेंट, टाइल्स, नळाच्या तोट्या, वायर यांचे पैसे दुकानदाराचा टक्का इथं ठेवून पुढच्या गाडीनं निघतात.

म्हणून दोन घरं सारख्याच किमतीची असली तरी गावाला सारखी लाभत नाहीत. इथली वीट आणि इथला मिस्त्री घेऊन बांधलेलं साधं घर गावात जास्त पैसे ठेवतं. इटालियन मार्बल आणि तयार मॉड्युलर किचनचा बंगला दिसायला भारी, पण त्याची बिलं बाहेरगावची. मालकाला हे सांगायची माझी पद्धत साधी आहे. दोन्ही कोटेशन समोर ठेवतो आणि दुरुस्तीला कोण येईल ते विचारतो.

दुपारी १२.१५

नगररचना विभागात एका नकाशाची चौकशी. आता परवानगीचा अर्ज ऑनलाइन असतो. नियम २०२० साली सगळ्या राज्याला बहुतांश एकसारखे झाले. समास किती सोडायचा, उंची किती, पार्किंग किती, सगळं त्यात आहे. विकास शुल्क भरायचं, बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर भरायचा. हा उपकर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं जातो. त्याची गोष्ट संध्याकाळी येईल.

लातूरची महापालिका २०११ची, नांदेड-वाघाळ्याची १९९७ची. दोन्हीकडं एकच चित्र दिसतं. हद्दीच्या आत जुन्या पेठांत घरं दाट, नळाची लाइन दारातून गेलेली. हद्दीच्या कडेला आणि बाहेर नवीन नगरं, एकमेकांपासून लांब. मधे मोकळी वावरं. एका गल्लीत दाटीनं पन्नास घरं असतील तर पन्नास घरपट्ट्या मिळून तो रस्ता, ती गटार, तो दिव्याचा खांब पोसतात. तेवढ्याच लांबीच्या रस्त्यावर चार घरं असली तर खर्च तोच, भरणारे चारच. घंटागाडीलाही डिझेल रस्त्याच्या लांबीवर लागतं.

म्हणून मालक विचारतात तेव्हा मी जुन्या घरावर मजला चढवा असंच आधी सुचवतो. पाया तपासून घ्या, चालत असेल तर वर बांधा. नवीन जमीन लागत नाही, पाइप लागत नाही, रस्ता लागत नाही. पैसा सगळा विटेत आणि मजुरीत जातो.

दुपारी १.३०

जेवण साइटवर, सगळ्यांबरोबर. ज्वारीची भाकरी, पेंडपाला, कांदा, ठेचा. मावशींनी आणलेलं बेसन सगळ्यांत आधी संपतं. अर्धा तास कुणी कामाचं बोलत नाही.

दुपारी २.४५

दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदार म्हणून सही करायची आहे. माझा एक जुना मालक रेखांकनातला एनए प्लॉट घेतोय. विकणारे काका सत्तरीचे. एकाच भावकीतली चार नावं सातबाऱ्यावर, चौघांच्या सह्या लागणार, म्हणून चार घरचे सोळा लोक आलेत. पोरी सुद्धा. बहिणींचं हक्कसोडपत्र आधी झालंय की नाही यावर बाहेर हलक्या आवाजात चर्चा चाललीय.

काकांचा नंबर आला. यंत्रावर अंगठा ठेवला, पण ठसा उठेना. दुसऱ्यांदा ठेवला, पुन्हा लाल दिवा. ऑपरेटर पोरगा सवयीचा होता. त्यानं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, कोरड्यानं टिपला, स्वतःच्या बोटांनी दाबून धरला. नांगराच्या रुमण्यानं आणि विळ्यानं रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्राला माणूस ओळखू येईना. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. "झालं का रं?" काकांनी विचारलं. "झालं काका." पोरानं पुढचं नाव पुकारलं.

इथं सरकारचा हिशोब सरळ आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी एक टक्का पण तीस हजारांच्या वर नाही, आणि मालमत्तेच्या किमतीवर एक टक्का अधिभार स्थानिक संस्थेच्या नावानं. विकणाऱ्याचा हिशोब मात्र बाहेरच्या चहाच्या टपरीवर कळतो. सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज आधी फिटतं. मग नातीचं लग्न. मग पोराची चारचाकी. शहाणे असतात ते वीस-तीस किलोमीटर आत जाऊन जास्त जमीन घेतात, आणि तिथल्या जमिनीचे भाव वाढवून येतात. ज्यांनी पैसे बँकेत ठेवले त्यांच्याकडं नातेवाइकांची रांग लागते. शेती वर्षाला थोडं थोडं द्यायची, पण देत राहायची. हा पैसा एकदाच येतो, आणि तो सांभाळायची सवय कुणालाच नसते.

एनए न करता गुंठा-गुंठा विकायचं प्रकरणही जुनंच आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गरिबाला तेवढंच परवडतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा, पण घराची गरज कायद्यासाठी थांबत नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२०पर्यंतच्या प्लॉटांना वाढवली. त्याच वर्षी जुलैत परिपत्रक निघालं आणि असे दस्त नोंदवणं बंद झालं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२३ मध्ये बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठ्यांची मर्यादा ठरली, २०२५ मध्ये निवासी क्षेत्रातले तुकडे नियमित करायची वाट मोकळी झाली. या सगळ्या वर्षांत माणूस शंभराच्या बाँडवर प्लॉट घेत होता, त्यावर पत्र्याचं घर उभं करत होता. पक्का दस्त नसल्यानं त्याला बँकेचं कर्ज मिळत नाही. तो भिशीतून आणि सावकाराकडून बांधतो. ज्याला व्याज सगळ्यात जड, त्यालाच ते सगळ्यात जास्त दरानं भरावं लागतं.

दुपारी ४.३०

नवीन मालकाला प्लॉटची आखणी हवी होती, म्हणून शहराबाहेर लेआउटवर. मोठी कमान, दोन्ही बाजूंना नारळाची रोपं, आत मुरमाचे रस्ते, पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले दगड. एका एकराचे चाळीस गुंठे, पण रस्ते आणि दहा टक्के मोकळी जागा सोडून विकायला निम्म्याहून थोडं अधिक उरतं. तरी शेतीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे होतात. मधे एजंटांची साखळी. चौकातल्या पानटपरीवाल्यापासून मास्तरापर्यंत कुणीही एजंट असतो. एक व्यवहार जमवला की टक्का मिळतो, त्या टक्क्यातून दुचाकी येते, आणि मग बाकीचं काम त्याला नकोसं वाटतं.

लेआउट विकून झालाय, असं बोर्ड सांगतो. घरं तीनच आहेत. प्लॉट घेतलेले बरेचजण पुण्यात आयटीत, काही डॉक्टर, काही गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवणारे. दगडांमधून मेंढ्या चरतायत. मेंढपाळानं विचारलं, "सायेब, बांधायलेत का आता? मग आमी दुसरीकडं बघतो." मी म्हणालो, सध्या एकच.

इथं माझी चिडचिड होते. जमीन पेरणीतून गेली आणि घरही झालं नाही. मजुरी नाही, किराणा नाही, दुधाचा रतीब नाही, शाळेत पोर नाही. कुणाचा पैसा दगडाखाली अडकून पडलाय आणि भाव मात्र दरवर्षी वाढतोय. त्या वाढीव भावामुळं ज्याला खरंच राहायचंय त्याला आणखी दोन किलोमीटर लांब जावं लागतं.

नांदेडला गोदावरीच्या दक्षिणेला सिडकोनं नवीन नांदेड वसवलं, ते मला यासाठी आठवतं. लहान घरं, आखलेले रस्ते, जवळच औद्योगिक वसाहत. घर घेतलं ते राहायला. लोकांनी पुढं खोली काढली, वर मजला चढवला, ओट्यावर शिलाई मशीन ठेवलं, समोर पिठाची गिरणी टाकली. राहणाऱ्या माणसानं हळूहळू बांधलेलं घर गावातल्या मिस्त्रीला वर्षानुवर्षं काम देतं.

संध्याकाळी ६.१५

आमचा हप्ता शुक्रवारी असतो. बँका, कचेऱ्या चालू असतात आणि शनिवारी निम्मे लोक आपापल्या गावी जातात. वहीत हजेरीचे उभे दांडे, त्यांतून उचल वजा. मिस्त्रीला फोनवर पैसे जातात, मावशींना नोटा लागतात. फोन पोराकडं असतो आणि फोनवर आलेले पैसे दिसायच्या आधी संपतात, असं त्या म्हणतात. पाचशेची नोट मोडून मागतात. बचत गटाचा हप्ता एका पदराच्या गाठीत, किराण्याचे दुसऱ्या. सातच्या आत निम्मे पैसे कोपऱ्यावरच्या दुकानात तेल, साखर, चहापत्तीत गेलेले असतात. तो दुकानदार उद्या मोंढ्यात जाईल. या पैशाला गावात सर्वांत जास्त पाय फुटतात.

आज मावशींनी एक कागद पुढं केला. नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. वर्षात नव्वद दिवस भरले की मंडळात नोंदणी होते, मग पोरांच्या शिक्षणाला मदत मिळू शकते. दुपारी ज्या एक टक्क्याची गोष्ट काढली, तोच हा पैसा. मी सही केली. अडचण अशी की नाक्यावरून रोज नवा गुत्तेदार नेतो आणि कुणाकडंच नव्वद दिवस सलग भरत नाहीत. उपकर घराच्या नावानं जमा होतो, कामगार मात्र तारखा जुळवत फिरतो.

हप्ता घ्यायला आलेला सेंट्रिंगवाला नांदेडचा, माझा जुना सोबती. २००७-०८ साली आम्ही दोघं तिथं होतो. शिखांच्या गुरु-ता-गद्दीचं तीनशेवं वर्ष जवळ आलं होतं, जवाहरलाल नेहरू शहरी पुनर्निर्माण योजनेचे पैसे आले होते, आणि रस्ते, पूल, घाट, विमानतळ, गरिबांची घरकुलं सगळं एकदम चालू होतं. कुठल्याही मिस्त्रीला दोन-दोन ठिकाणांहून बोलावणं. सोहळा झाला, कामं आटपली आणि पुढच्या पावसाळ्यात तेच मिस्त्री हैदराबादच्या गाडीत बसले. शहर सुधारलं, रस्ते राहिले. पण एकदम आलेलं काम एकदमच संपतं, हे आमच्या दोघांच्याही हाडात मुरलंय. म्हणून तो आता एका मोठ्या बिल्डरपेक्षा सहा छोट्या मालकांची कामं धरतो.

रात्री ८.००

उद्योग भवनाच्या मागं, ट्युशन एरियात. गुरुजींच्या खोल्यांसाठी लोखंडी कॉटचे भाव काढायचे होते. क्लास सुटलाय आणि रस्ता पोरापोरींनी भरलाय. पाठीवर सॅक, हातात डबा. नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवहून आलेली ही पोरं. त्यांच्या घरी कापूस, सोयाबीन, पगार, कर्ज जे काही असेल ते दर महिन्याला लातूरला येतं. लातूरला बाहेरून येणाऱ्या पैशात या पोरांचा वाटा मोठा आहे.

आणि हा पैसा खूप हातांतून फिरतो. खोलीचं भाडं गुरुजींसारख्यांना. मेसचे पैसे दोन चपात्यावाल्या बायकांना, भाजीवाल्याला, गॅसवाल्याला. अभ्यासिकेत तासावर खुर्ची. झेरॉक्स, ज्यूस, इस्त्री, सायकल दुरुस्ती, डोसा. एका मेसवाल्या काकूंनी सांगितलं की त्यांच्याकडं पहाटे चारला पीठ मळायला येणाऱ्या तिघी एकाच गावच्या, ते गाव आता शहरातच आलंय. खुरप्यावरून सुटलेले हात पोळपाटावर स्थिरावले, नाक्यावर उभं राहावं लागत नाही.

धोकाही याच गल्लीत आहे. मार्च २०२०मध्ये कोरोना आला आणि आठवड्याभरात सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. कर्जाचे हप्ते मात्र चालूच. तेव्हा कळलं की पाच बाय दहाच्या कॉटखोल्यांत कुटुंब राहू शकत नाही. म्हणून गुरुजींच्या नकाशात मी दोन-दोन खोल्यांमधली भिंत सुटी ठेवलीय, ती काढली की हॉल आणि बेडरूम होतं, आणि एका कोपऱ्यात स्वयंपाकघराचं पाणी आधीच काढून ठेवलंय. गुरुजी म्हणाले, खर्च वाढला. मी म्हणालो, क्लास दुसऱ्या गावाला गेले तरी घर इथंच राहणार आहे.

रात्री ९.४५

जेवताना पुण्याहून मेहुण्याचा फोन. एजंटनं त्याला दुपारच्या त्याच लेआउटमधले दोन प्लॉट दाखवलेत.

"दाजी, घेऊन ठेवू का? पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो."

"बांधणार आहेस का?"

"आत्ता नाही. बघू पुढं."

मी त्याला गावातल्या त्यांच्या जुन्या घराची आठवण दिली. माळवदाचं, एक बाजू पडलेली, पण जागा गावठाणातली, दारात नळ. आईवडील अजून तिथंच राहतात. दोन प्लॉटांच्या पैशात ते उतरवून खाली आईवडिलांना दोन खोल्या, रस्त्याच्या बाजूला एक गाळा आणि वर भाड्याचं घर होईल. मिस्त्री औशाचा, विटा शेजारच्या भट्टीच्या. भाडं पहिल्या वर्षापासून चालू. भाव दुप्पट होईल असं वचन मी देत नाही, पण गाळा रिकामा राहणार नाही एवढं सांगतो.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "एजंट म्हणतो गावठाणात ॲप्रिसिएशन नाही."

"नसेल. तिथं तुझ्या आईला पाणी आहे."

रविवारी तो येतोय. आधी जुन्या घराचा पाया उकरून बघायचा, मग भावकीची संमती, मग नकाशा. लेआउटवालाही त्याच दिवशी भेटायला बोलावलाय म्हणे. मी टेप घेऊन सकाळी लवकर जाणार आहे.